पाचवा थर

त्या दिवशी माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. कंट्रोल रूममध्ये बाकी सगळे बसून काम करत होते आणि मी उभी. उभी राहूनही एक पाय हलतच होता. शेजारच्याने विचारलं, "ताई, मुंग्या चावतायत का?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा आपल्या स्क्रीनमध्ये घुसला.

दोन दिवस वारा इतका पिसाटला होता की धक्क्यावरच्या मोठ्या क्रेन बंद ठेवाव्या लागल्या. जहाजं बाहेर नांगर टाकून उभी होती, पण गेटमधून ट्रक येतच होते. बंदराचं हेच दुखणं आहे. माल जायचा थांबला तरी यायचा थांबत नाही. यार्ड गळ्यापर्यंत भरलं होतं आणि अख्ख्या यार्डात एकच जागा मोकळी दिसत होती, ती माझ्या भावाच्या ब्लॉकच्या, म्हणजे त्याच्या क्रेनखाली रचलेल्या कंटेनरांच्या रांगांच्या, डोक्यावरची.

कुठला डबा कुठे ठेवायचा हे ठरवणं माझं काम. कंटेनरला आम्ही डबाच म्हणतो. नियम साधे आहेत. जड खाली, हलका वर. उशिरा जाणारा तळाशी, आधी जाणारा वर. कारण तळातला डबा हवा असला की वरचे सगळे उचला, बाजूला ठेवा, तो काढा आणि पुन्हा रचत बसा. या उकराउकरीचा छदामही कोणी देत नाही. फळीवर सगळ्यात खाली पिठाचा डबा ठेवून रोज वरचे चार उतरवणारी बाई कोणालाही सापडणार नाही, पण यार्डात असं करणारे शिकलेले लोक मी पाहिलेत.

दादाच्या ब्लॉकमध्ये मात्र गेले काही महिने मी माझेच नियम चालवत होते. दादा यार्डातली क्रेन चालवतो. रबरी चाकांवर चालणारी उंच कमान असते ती. डब्यांच्या सहा रांगा आणि कडेला ट्रकची वाट, एवढं सगळं तिच्या पोटाखाली मावतं. वरच्या केबिनला काचेचा तळ असतो. त्यातून खाली वाकून पाहायचं, दोरांवरची लोखंडी चौकट डब्याच्या चार कोपऱ्यांवर नेमकी बसवायची आणि उचलायचं. एके काळी दादाने ठेवलेल्या डब्याचा आवाज येत नसे. मग धप्प आवाज यायला लागला. मग ठेवलेला डबा पुन्हा उचलून पुन्हा ठेवणं सुरू झालं. एकदा लटकता डबा शेजारच्या डब्याच्या कडेला घासत गेला, तो कॅमेऱ्यात मी पाहिला. त्याला अंतर कळेनासं झालं होतं.

मी त्याला काही विचारलं नाही. 'तुला दिसत नाही का?' हा प्रश्न आमच्या घरात त्यानेच मला विचारायचा, सायकल शिकवताना तर उठता-बसता. आई-बाबा गेल्यावर त्याने मला वाढवलं, शिकवलं, या नोकरीला लावलं. त्याच्या डोळ्यांबद्दल मी कुठल्या तोंडाने बोलणार? मी फक्त त्याच्या ब्लॉकमध्ये तीनच्या वर थर चढू देईना. खाली सगळं बुटकं असलं की लटकता डबा कशाला लागायचा प्रश्नच नाही. किचकट, उकरायला लागणारे डबे मी दुसऱ्या ब्लॉकांत ढकलत होते. तिथले ऑपरेटर माझ्या नावाने बोटं मोडत होते. मोडू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारी साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"सगळीकडे पाच थर आणि इथे तीन? इथे काय बाग लावायचीय?"

"तिथली जमीन जरा खचलीय, साहेब." मी धडधडीत खोटं बोलले.

"मग रिपोर्ट कुठाय?"

मी स्क्रीनवर उगाच दुसराच ब्लॉक उघडला.

"वारा पडलाय. जहाज धक्क्याला लागतंय, त्यातून उतरणारा माल काय माझ्या टेबलावर ठेवू? तासाभरात हा ब्लॉक पाचवर गेला पाहिजे."

बोलले तर दादाची क्रेन गेली आणि या वयात त्याला दुसरीकडे कोण घेणार? नाही बोलले तर एखादा डबा कोणाच्या तरी डोक्यावर. आपलेच दात, आपलेच ओठ. मी बोलले नाही. मी शहाणपणा केला. नवे डबे ट्रकच्या वाटेला लागूनच असलेल्या कडेच्या रांगेत टाकले. ट्रकवरून उचलायचं आणि शेजारीच ठेवायचं, म्हणजे दादाला डबा कशाच्याही वरून न्यायला लागू नये. स्वतःवर खूश झाले मी.

तरी जीव राहिना. शेजाऱ्याला स्क्रीन बघायला सांगून, वॉकीटॉकी घेऊन मी यार्डात धावले आणि ब्लॉकच्या टोकाला उभी राहिले. चौथा थर चढला. धप्प. पाचवा थर. धप्प, पुन्हा वर, पुन्हा धप्प. पण बसला. एकामागून एक सगळे बसले. मी इतक्या वेळाने श्वास सोडला आणि तेवढ्यात पैलवानाचा ट्रक वाटेत येऊन थांबला.

पैलवान म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा ड्रायव्हर. तो मजेत हात हलवून म्हणाला, "ताई, आज मैदानात? जहाजावर चढवायचा डबा न्यायला आलोय."

पायाखालची वाळू सरकणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. जहाजावर चढायचे डबे आतल्या रांगांत होते आणि त्यांच्या नि ट्रकच्या मधे मी स्वतःच्या हाताने पाच थरांची भिंत उभी केली होती. आता आतला प्रत्येक डबा त्या भिंतीवरून न्यायचा होता. भिंतीच्या पलीकडे, अगदी पायथ्याशी, पैलवान आपल्या केबिनमध्ये बसला होता.

क्रेनने आतला डबा उचलला. तो वर आला, थांबला आणि आडवा सरकत भिंतीकडे निघाला. खालून मला स्वच्छ दिसत होतं, त्याचा तळ पाचव्या थराच्या माथ्यापेक्षा खाली होता. हा भिंतीवरच्या डब्याला ढकलणार आणि तो डबा पलीकडे पैलवानाच्या ट्रकवर पडणार.

"दादा, थांब!" मी वॉकीवर किंचाळले. "थांब, थांब!"

डबा थांबला. झोके घ्यायला लागला.

"काय झालं गं?"

"लागतोय तो. वर घे."

"कुठे लागतोय? चांगला हातभर वर आहे."

"हातभर खाली आहे, दादा. पैलवान, गाडी काढ! आधी गाडी काढ!"

पैलवानाने कारण विचारलं नाही. ट्रक गुरगुरत निघून गेला.

"तू तुझं प्लॅनिंग बघ," दादा भडकला. "मला नको शिकवू. आधीच तुझ्या बुटक्या ब्लॉकला लोक हसतात. हसं नको म्हणून कोण घेत नाही, तो मी मागून घेतो, माहितीय का? माझी बहीण म्हणून!"

हे सगळं उघड्या चॅनेलवर चाललं होतं. साहेब ऐकत होते, प्रत्येक क्रेन ऐकत होती. दुसरी वेळ असती तर या ऐकवण्यावर मी त्याला चार दिवस बोलले नसते. आता मात्र माझ्या तोंडून निघून गेलं,

"दादा, तुला दिसत नाहीये."

वरती डबा हळूहळू झुलायचा थांबला. मग दादाचा आवाज आला. इतका बारीक आवाज मी त्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

"मग आता हा खाली कसा ठेवू? तू सांग."

मी सांगितलं. आधी वर घ्यायला, मग मागे, आतल्या रांगेवर. थोडा डावीकडे. थांब. खाली. हळू. अजून. अजून एक वीत. माझा आवाज कसा कोण जाणे, कापला नाही. तो जसा सायकलची सीट धरून मागे धावायचा तसं मला काही धरता येत नव्हतं. डबा टेकला तेव्हा आवाजही झाला नाही.

साहेबांनी दुसऱ्या ऑपरेटरला पाठवलं. मला वॉकीवर एवढंच म्हणाले, "जमीन खचली होती ना? संध्याकाळी भेटा." भेटणारच होते. माझी नोकरी राहते की जाते याचं त्या घटकेला मला काहीच वाटलं नाही.

दादा शिडीवरून उतरला आणि खालच्या सिमेंटच्या कठड्यावर बसला. मला वाटलं, चारचौघांत अब्रू घालवलीस म्हणून कानाखाली वाजवेल. वाजवली असती तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं,

"कधीपासून माहितीय तुला?"

"पाच-सहा महिने."

"आणि म्हणून तीनच थर?"

"हो. आणि सोपे डबे."

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"मी गेलो होतो डॉक्टरकडे," तो म्हणाला. "तुम्हाला कोणाला न सांगता. डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे म्हणाले. थेंब दिले, रोज घाला म्हणाले, एक दिवसही चुकवू नका. घातले मी. आणि महिनाभरात काम असं सरळ व्हायला लागलं. डबे पहिल्या झटक्यात बसायला लागले, कुठे घासणं नाही, काही नाही. मला वाटलं, डॉक्टर काही का म्हणेनात, बरा झाला डोळा. बंद केले थेंब. परत दाखवायलाही गेलो नाही."

मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कोणावर? त्याच्या डोळ्यात महिनोन् महिने धूळ मीच फेकत होते, तीही मायेने. मी त्याच्या शेजारी बसले. समोर दुसरा ऑपरेटर पाचव्या थरावरून डबे सराईतपणे नेत होता, आणि दादा मान वर करून तिकडे बघत होता.

"आज जाऊ आपण डॉक्टरकडे. आत्ता," मी म्हणाले. "गेलेलं येईल ना रे परत?"

"नाही येत," दादा म्हणाला. "ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."