दुधाचे दात आणि बाबांचा मासा

"या फोटोत आता कोणी माईचा लाल चूक काढू शकणार नाही," असं आमच्या ह्यांनी बुधवारी सकाळी जाहीर केलं.

हे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतात, उरलेला वेळ आकाशात. फोटो होता नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांच्या एका झुबक्याचा, आणि भोवती गुलाबी वायूचा ढग. "ढग म्हणजे हिरडी," हे मला समजावून सांगायचे, "आणि तारे म्हणजे दुधाचे दात. आत्ताच फुटलेत." अकरा रात्री गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा लावून पाच-पाच मिनिटांचे शंभरावर फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचून त्यांचा एक केला. तेवढ्यात चार कवळ्या झाल्या असत्या.

सगळा खटाटोप सोफ्यामागच्या भिंतीसाठी. तिच्यावर माझ्या बाबांचाही डोळा होता. बाबांनी तरुणपणी एक मासा पकडला होता. तो दर वर्षी वीतभर वाढतो. त्याचा जुना फोटो मोठा करून आमच्याच भिंतीवर लावायचा, हा त्यांचा हट्ट.

"बाबा, तुमच्या घरी भिंती नाहीत का?"

"आहेत. पण पाहुणे तुझ्याकडे येतात."

शेवटी मीच निवाडा दिला. रविवारी अकरा वाजता दोन्ही फोटो समोर ठेवायचे, ज्याचा सरस त्याची भिंत.

दोघांनी फोटो एकाच स्टुडिओत टाकले, कारण एवढे मोठे फोटो छापणारा आमच्याकडे एकच. त्याला सगळे गुळगुळीत मास्तर म्हणतात. डाग, पुटकुळी, सुरकुती, काही म्हणून ठेवत नाही. माझ्या मावशीचा फोटो त्याने असा साफ केला की ती माझी धाकटी बहीण दिसते. तेव्हापासून मावशी आरशावर रुसून आहे.

शनिवारी पाच वाजता आमचा फोटो आला. ह्यांनी कागद फाडला आणि बघतच राहिले. गुलाबी ढग जागच्या जागी होता. तारा एकही नव्हता.

ह्यांनी मास्तरला फोन लावला.

"मास्तर, तारे कुठे गेले?"

"कुठले तारे, डॉक्टर?"

"फोटोतले. पांढरे, निळसर ठिपके."

"हां, ते. अहो, केवढी धूळ बसली होती. दोन दिवस एकेक ठिपका वेचून काढला, मान मोडली. आता आभार वगैरे मानू नका."

"मास्तर, तुम्ही बत्तिशी काढलीत आणि हिरडी ठेवलीत."

मास्तर म्हणाला, "काय ठेवायचं ते आधी लिहून द्यायचं ना. सोमवारी नवा छापतो. आत्ता शटर ओढलंय, मेव्हण्याकडे निघालोय. तुमचे सासरे मात्र दुपारीच त्यांचा घेऊन गेले. खूश होते."

"गेली भिंत," मी म्हणाले.

हे दवाखान्यात गेले आणि एक डबा घेऊन आले.

"अहो, हे काय?"

"दात भरायचं पांढरं सिमेंट. निळा दिवा धरला की दगड होतं. तू पट्टी घे."

कॉम्प्युटरवरचा मूळ फोटो बघून मी जागा मोजायची, ह्यांनी टोकदार सळीने थेंब लावायचा, वर निळा दिवा धरायचा. कोपऱ्यातला तारा बसवताना हे सवयीने ढगाला म्हणाले, "आ करा." मी इतकी हसले की पट्टी सरकली आणि जिथे काहीच नव्हतं तिथे दोन तारे बसले.

"राहू दे," हे म्हणाले, "ते तुझ्या माहेरचे." जेवायच्या वेळेपर्यंत तारे एकशे साठ झाले होते. अकरा रात्रींत हे एवढे कधी हसले नसतील.

रविवारी ठीक अकराला बाबा आले, काखेत पुडकं, न उघडलेलं. आधी आमच्या फोटोसमोर उभे राहिले. मग त्यावरून बोट फिरवलं.

"जावईबापू, तारे वर आलेत."

"जवळचे आहेत, बाबा."

बाबांनी मान डोलावली. "बरा आहे. आता खरा फोटो बघा." त्यांनी दोरी सोडली, कागद काढला.

फोटोत बाबा तरुण होते, गुळगुळीत होते, आणि दोन्ही हात पुढे करून हसत उभे होते. हातांत काही नव्हतं. मागे मास्तरची चिठ्ठी चिकटवलेली होती: हातावर एक बारीक डाग होता, तो काढला आहे.

"बारीक?" बाबा म्हणाले.

भिंत ह्यांना मिळाली. फोटो टांगून झाल्यावर बाबा त्याच्याखाली सोफ्यावर चहा घेत बसले. एक तारा सुटून त्यांच्या कपात पडला. त्यांनी तो साखर समजून ढवळला.