सळईवरची हिरवी तार

शुइची तोगाशीच्या रेकॉर्डवरच्या गाण्यात घुरघुर शिरली ती ऐन वसंतात. आवाज इतका बारीक की दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. पण शुइचीने जपानमधल्या किर्यू गावच्या कापड गिरणीत जन्मभर कानात बोळे घालून मागांचा खडखडाट सोसला होता. निवृत्तीनंतर त्याला जगाकडून एकच गोष्ट हवी होती, दोन सुरांच्या मधली निखळ शांतता.

त्या शांततेपायी त्याने काय म्हणून करायचं बाकी ठेवलं नव्हतं. अंगणात केवळ गाण्यासाठी विजेचा स्वतंत्र खांब उभा केला. मग घरामागे, न्हाणीघराच्या भिंतीलगत, तांब्याची लांबलचक सळई जमिनीत ठोकली, भोवती कोळसा भरला आणि रेकॉर्डचा आवाज वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्प व अ‍ॅम्प्लिफायर या दोघांचंही अर्थिंग त्या एकाच सळईला दिलं. दोघांना वेगळ्या सळया दिल्या तर त्यांच्यात भांडण लागतं आणि ते स्पीकरमधून ऐकू येतं, असं तो आल्यागेल्याला सांगे. भर उन्हाळ्यात जमीन सुकू नये म्हणून सळईला पाणी घाले. बायकोच्या हातच्या मिसो सूपला या माणसाने कधी बरं म्हटलं नाही, पण सळईची तहान त्याला बरोबर कळायची. त्या सळईला मुंगीनेही हात लावायचा नाही, अशी घरात ताकीद होती.

घुरघुर रोज येत नसे. आली की न्याहारीनंतर यायची, तासभर ठाण मांडायची आणि गुपचूप निघून जायची. गाण्याच्या खोलीच्या भिंती त्याने जाड करून घेतल्या होत्या, त्यामुळे त्या वेळी बाकी घरात काय चाललंय याचा त्याला पत्ता नसे. त्याचा पहिला संशय गेला शेजारच्या हिरुमावर. हिरुमा विधुर, टपाल खात्यातून निवृत्त झालेला, आणि त्याने नुकतीच छपरावर सोलर पॅनेलं बसवली होती.

"हिरुमासान, तुमची पॅनेलं माझं गाणं नासवतायत."

"असं होय? मग बंदच करून बघू की," म्हणत हिरुमाने तिथल्या तिथे घरचा मुख्य खटका पाडला. शुइची लगबगीने परत आला, तर घुरघुर होती तिथेच होती.

शहाणा माणूस इथे थांबला असता. शुइचीला मात्र इतक्या चटकन तयार होणाऱ्या माणसातच काहीतरी काळंबेरं वाटलं. त्या दिवसापासून तो खिडकीआडून कुंपणावर नजर ठेवू लागला, आणि जे दिसलं त्याने त्याचं डोकंच फिरलं. त्याची बायको किनुए कुंपणापाशी उभी राहून हिरुमाशी बोलत होती. बोलता बोलता हसतही होती. ती आपल्याशी बोलताना शेवटची कधी हसली हे शुइचीला आठवेना, आणि तो दोषही त्याने हिरुमाच्याच माथी मारला.

"ह्यांना कळता कामा नये हं," किनुए म्हणत होती.

"कसं कळेल? वर कुंडी ठेवलीय ना," हिरुमा म्हणाला.

कुठेतरी पाणी मुरतंय हे शुइचीला तेव्हाच पक्कं कळलं. या वयात, आपल्या नाकासमोर! किनुएला विचारावं असं त्याच्या ओठांवर येई आणि तो गिळून टाकी.

पुढच्या खेपेला घुरघुर येताच तो पक्कड घेऊन घरामागे गेला. सळईच्या डोक्यावर शेवंतीची कुंडी होती. ती सरकवली तर खाली एक हिरवी तार, सळईला नीटनेटकी आवळलेली, मातीखालून भिंतीकडे गेलेली. गाण्यावरून आपलं मन उडावं म्हणून दोघांनी केलेला हा कट, दुसरं काय? तार पुढे कुठे जाते हे पाहायचीही त्याला गरज वाटली नाही. त्याने ती कापली आणि तुकडा पुरावा म्हणून मुठीत घेतला.

खोलीत येऊन पाहतो तर घुरघुर साफ गेलेली. त्याने रेकॉर्ड लावली आणि किनुएला ऐकू जावं म्हणून दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. व्हायोलिन इतकं स्वच्छ वाजत होतं की त्याला रडू फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात न्हाणीघरातून किनुएची किंकाळी आली, पाठोपाठ टोपली पडल्याचा आवाज.

तो धावला. किनुए वॉशिंग मशीनपुढे जमिनीवर बसली होती, उजवा हात डाव्या हाताने गच्च धरून.

"अगं, काय झालं?"

"पूर्वीचंच दुखणं. ओला हात लागला की मशीन शॉक देतं. आज जरा जोरात बसला." तिला धाप लागली होती. "आणलं तेव्हा बसवणारा म्हणाला होता, अर्थिंग हवं. तुम्ही म्हणालात, माझ्या सळईला नाही. मग शॉक बसायला लागले तर म्हणालात, तुला भास होतात. शेवटी हिरुमासाननी तार जोडून दिली. तेव्हापासून एकदाही बसला नव्हता हो. आज परत कसा काय..."

तिची नजर त्याच्या मुठीतल्या हिरव्या तारेवर गेली.

ज्या घुरघुरीने त्याची झोप उडवली होती, ती याच मशीनमधून गळणारी वीज होती, हिरव्या तारेने सळईत उतरणारी. त्याआधी ती किनुएच्या अंगातून जात होती आणि तेव्हा त्याचं गाणं अगदी छान वाजत होतं. शुइचीला उभ्या उभ्या स्वतःची किळस आली.

"तुम्हाला वाटलं तरी काय होतं?" किनुएने विचारलं.

"मला वाटलं... तू आणि..." हिरुमाचं नाव त्याच्या तोंडून निघेना. पण ते न घेताही तिला कळलं. ती डाव्या हाताने सांडलेले कपडे टोपलीत भरू लागली. संतापली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने मशीनचा प्लग काढला, तिला हात देऊन उठवलं. "तार जोडतो," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता जोडतो. माझ्या दोन्ही तारा काढून टाकतो, तुझी एकटीची ठेवतो."

"तुम्ही नको," किनुए हात चोळत म्हणाली. "हिरुमासानना बोलवा. तुमच्या हातावर माझा भरवसा राहिला नाही."

शुइचीने बूट घातले आणि शेजारच्या दाराशी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत तो घराबाहेर पडला.