साठ युनिटांची ओळ

"लाइट, पाणी, सगळं भाड्यातच धरलंय," घरमालक म्हणाला आणि त्याने किल्ली अशी पुढे केली, जणू जहागीरच देतोय.

शिवणकाम करणाऱ्या बाईने किल्लीला हात लावला नाही. रविवारपर्यंत जुनी खोली सोडायची होती. आठवडाभर ती आणि तिची सासू जिने चढून-उतरून थकल्या होत्या, आणि खिशाला झेपेल अशी ही पहिलीच जागा होती. खिडकीशी शिलाई मशीन मावत होतं, नळाला धार होती. पण मागच्या मालकाच्या गोड बोलण्याने तिचे हात चांगलेच पोळले होते. तिने कराराचा कागद मागितला, सावकाश वाचला आणि शेवटच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.

"साठ युनिटांपर्यंतच?"

"माणसं दोन, साठ रग्गड झाली! वरचं तुमचं. आता तुमचं ते मोटारीचं मशीन चालणार म्हटल्यावर..." त्याने हात हवेत उंच नेला.

"मशीनवर आमचं पोट आहे. आधी मीटर दाखवा."

"मीटरमध्ये काय बघायचंय?"

"बघू द्या हो तिला," सासू दारातून म्हणाली. "मी नुसतं नाक बघून नवऱ्याला हो म्हटलं आणि जन्मभर त्याचं घोरणं ऐकलं."

मीटर जिन्याखाली होता. खोली दोन महिने कुलूपबंद होती, आत बल्बसुद्धा नव्हता. तरीही मीटरवरचा लाल ठिपका भराभर लुकलुकत होता.

"हा रिकाम्या खोलीचाच ना?"

"हो. जुना झालाय. सवयीने चालतो."

"सवयीने?" सासू पायरीवर टेकली. "मग माझे गुडघेही सवयीने चार मजले चढतील म्हणायचं!"

बाईने मीटरशेजारचा मेन स्विच खाली ओढला. ठिपका थांबला. तोच भिंतीपलीकडे, मालकाच्याच दुकानातून त्याच्या बायकोची हाक आली, "अहो, फ्रीज बंद पडला! आइस्क्रीमचं पाणी होईल!"

मालकाची कानशिलं तापली. "चालू करा ते!"

"करते की. फ्रीज तुमचा, युनिटं आमच्या नावावर. आधी साठची ओळ खोडा."

"जागा नको असेल तर सरळ सांगा. दहा जण रांगेत आहेत."

दोन दिवसांनी सामान रस्त्यावर येणार होतं. पण आवाज तिने खाली येऊ दिला नाही.

"येऊ देत दहाही जण. मी इथेच बसते. येईल त्याला मीटर दाखवते."

"मला तर आता उठवतही नाही," सासूने पाय पसरले. "सूनबाई, डबा इथेच उघड."

"अहो, फ्रीज!" पलीकडून पुन्हा आवाज आला.

मालकाने खिशातून पेन उपसलं आणि ओळ खोडली.

"शेजारी सही करा. आणि लिहा, वीज पूर्ण भाड्यात, शिलाई मशीनसकट."

"काय हा अविश्वास!"

"आहे खरा. लिहा."

त्याने लिहिलं. बाईने एका हाताने कागद घेतला आणि सासूला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. दुसरा हात अजून स्विचवर होता, आणि वाचण्याची तिला मुळीच घाई नव्हती.