लेकीकडे गेलेले चौदा जण

आमच्या वर्गाचं नाव ‘पाय रोवून’. साठीच्या पुढच्या माणसांना पडू न देणं, एवढंच त्याचं काम. आठवड्यातून तीनदा सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चाळीस जण खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहतात, टाचा उचलतात आणि गुडघा कुरकुरतोय अशी माझ्याकडे तक्रार करतात. पडू नये म्हणून आधी जिना चढायचा, हा विनोद पहिल्याच दिवशी करून झालेला आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाकावर राग घेऊनच जन्माला आले आहे, आणि चार वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीघरात पडली ती उठलीच नाही. वर्ग का काढला हे कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलेलं बरं.

वर्गाला हॉल आणि निधी देणाऱ्या मंडळाचं पत्र आलं, तेव्हा वर्गाला वर्ष होत आलं होतं. पुढच्या वर्षी वर्ग चालू ठेवायचा असेल तर बाहेरच्या माणसाकडून मूल्यमापन करून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मूल्यमापन कशाला? हॉलमध्ये शिरलं की समोर भला मोठा फळा दिसतो. त्यावर खडूने लिहिलेलं असतं : ‘सलग इतके दिवस कोणी पडलं नाही.’ पत्र आलं त्या दिवशी आकडा होता तीनशे सतरा. दर वर्गाला एक जण पुढे येऊन आकडा बदलायचं आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. ही टाळ्यांची कल्पना माझी, आणि मला तिचा फार अभिमान होता.

तर मूल्यमापक शोधायला निघाले. पहिले भेटले ते एक प्राध्यापक. त्यांनी सांगितलं की चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग करा, अर्ध्यांना शिकवा, अर्ध्यांना वर्षभर काही शिकवू नका, मग कोण किती पडतं ते पाहू. म्हणजे अर्ध्यांना पडू द्यायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्याला तुलना म्हणतात. मी चहाही न पिता उठले.

दुसरे आमचे भावजी, म्हणजे नवऱ्याचे धाकटे भाऊ. त्यांचा छपाईचा व्यवसाय आहे आणि जगातलं कुठलंही काम आपण करू शकतो अशी त्यांची खात्री आहे. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : मुखपृष्ठ कोणत्या रंगाचं हवं आणि निकाल किती चांगला हवा. खोटं कशाला बोलू, माझं मन डळमळलं होतं. पण मंडळाला नात्यातला माणूस चालणार नव्हता, त्यामुळे माझी सचोटी आपोआप शाबूत राहिली.

तिसऱ्या आल्या त्या मोजणीबाई. हे नाव नंतर वर्गाने पाडलं. संख्याशास्त्र शिकून त्या बरीच वर्षं बुटांच्या कारखान्यात तक्रारींच्या नोंदी तपासत होत्या, आणि आता आरोग्याच्या योजनांचं मूल्यमापन करत. बारीक अंगाच्या, पायांत आवाज न करणारे बूट, हातात एक लांबट वही. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, वर्गाचा काही उपयोग होत नाही असं निघालं तर तुम्ही काय कराल? मी म्हटलं, तसं निघणारच नाही. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. ते काय होतं हे मला पुढे अहवालात वाचायला मिळालं : ‘प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.’

महिनाभर त्या मागच्या खुर्चीवर बसून होत्या. पहिल्या दिवशी मी त्यांना एका पायावर उभं राहायला लावलं, तर चौथ्या सेकंदाला त्यांनी खिडकीची चौकट पकडली. वर्ग खूश झाला. पण बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी तोही आकडा लिहून घेतला. मग त्या खुर्च्या मोजायच्या, जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, चहाच्या वेळी कोणाशीतरी मुलाबाळांच्या गप्पा मारायच्या. कामाचं सोडून भलतंच काय चाललंय, असं मी घरी नवऱ्याला रोज ऐकवत होते.

एका दुपारी वर्ग सुटल्यावर त्यांनी हजेरीचं रजिस्टर मागितलं. ते कर्नलच्या ताब्यात असायचं. हा माणूस सैन्याच्या जवळपासही कधी गेलेला नाही, सगळी नोकरी गोदामात माल मोजण्यात गेली, पण मिशा आणि आवाज असा की दुसरं नाव शोभलंच नसतं. हजेरी तेच घ्यायचे आणि कोणी चार दिवसांहून जास्त गैरहजर राहिलं की शेवटच्या रकान्यात कारण लिहायचे. मी ते रजिस्टर कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. रजिस्टर देताना कर्नलच्या मिशा जरा खाली आल्यासारख्या वाटल्या, पण मी तिकडे कानाडोळा केला.

तासाभराने मोजणीबाईंनी मला समोर बसवलं. “या वर्षभरात चौदा जण आठवड्या-दोन आठवड्यांसाठी लेकीकडे गेलेत,” त्या म्हणाल्या. “मुलाकडे एकही नाही.”

मुलींनाच आईबापांची ओढ असते, असं मी ठसक्यात सांगितलं.

“असेल. पण यांतल्या तिघांना मुलगीच नाही. मी चहाच्या वेळी विचारलंय.”

त्या सावकाश सांगू लागल्या. कारखान्यात एका वर्षी एका दुकानातून एकही तक्रार आली नव्हती. सगळ्यांनी त्या दुकानदाराचं कौतुक केलं. नंतर कळलं की तक्रार आणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो चारचौघांत असा काही बघायचा की लोक फाटके बूट घालून फिरत, पण त्याच्याकडे जात नसत. मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हा आकडा शेवटचा कधी पुसला गेला होता?

मला आठवत होतं. वर्ग सुरू झाल्यावर एकतिसाव्या दिवशी शिंपीणकाकू घरात सतरंजीत पाय अडकून पडल्या होत्या. मी वर्गासमोर तीसचा आकडा पुसून शून्य लिहिलं. कोणीतरी ‘अरेरे, काकू’ म्हटलं. काकूंनी एवढा अपमान मनाला लावून घेतला की पुढचा महिनाभर येईल-जाईल त्याची माफी मागत होत्या. त्यानंतर कोणी पडलंच नाही. याचं श्रेय मी टाचा उचलण्याच्या व्यायामाला दिलं होतं.

“आणि हे शेवटचं,” मोजणीबाईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. त्यांचं बोट एका नावावर होतं. “हे गृहस्थ थंडीत नऊ दिवस लेकीकडे होते. त्यांची लेक कुठे राहते, तुम्हाला काही माहीत आहे का?”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “तुमच्यासमोर बसलीय.”

त्यांनी पहिल्यांदाच वही मिटली. पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

बाबा वर्गाला येतात आणि माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यावर मी त्यांना स्पष्ट बजावलं होतं की एकदा जरी पडलात तरी सामान बांधायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं, त्यावर चर्चा नाही. त्या थंडीत त्यांनी फोन करून सांगितलं होतं की सर्दी झालीय, तू आत येऊ नकोस, तुला झाली तर सगळ्या वर्गाला होईल. मी नऊ दिवस दाराबाहेर डबे ठेवून आले. माझे वडील किती समजूतदार आहेत, हे मी नऊ दिवस लोकांना सांगत सुटले होते.

मी तशीच त्यांच्याकडे गेले. चप्पल काढायच्या आधीच विचारलं, थंडीत कुठे पडला होता? ते वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी घडी घातली, आणि आता लपवण्यात अर्थ नाही हे ओळखून सगळं सांगितलं. घड्याळाचा सेल बदलायला स्टुलावर चढले होते. खाली आले ते थेट कुशीवर. कंबर काळीनिळी झाली होती, पण हाड शाबूत. शेजारच्यांना बोलावलं नाही, मला तर नाहीच नाही. रात्रंदिवस आरामखुर्चीत बसून काढले नऊ दिवस.

माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण दोनदा ‘स्टूल’ आणि तीनदा ‘आई’ म्हटलं असावं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

“तुझा फळा मी पुसायला लावायचा होता का?” ते म्हणाले. “सगळ्या वर्गात बाईंचा बापच पडला म्हणून?”

“फळा गेला चुलीत.”

“आणि तू मला उचलून नेलं असतंस. सांग, नेलं असतंस की नाही? आई गेल्यापासून तू माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाहीस. माझ्या पायांकडे बघतेस.”

मी त्या वेळीही त्यांच्या पायांकडेच बघत होते. मला रडू आलं, आणि रडताना माणसाला रागावता येत नाही, याचा मला आणखी राग आला. शेवटी आमच्यात करार झाला. ते आपल्याच घरी राहतील, मी सामान बांधायचं नाव काढणार नाही. पण पडले तर त्याच मिनिटाला मला कळवायचं. त्यांनी मान हलवली. या मान हलवण्यावर कितपत विश्वास ठेवायचा, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर फळा पुसला. आकडाही पुसला आणि वरची ओळही. मग विचारलं की या वर्षात कोण कोण पडलं. चाळीस जण मूग गिळून बसले. मोजणीबाई मागे वही उघडून तयार होत्या, मदत करायचं काम त्यांचं नव्हतं. मग मला जे सांगायचं नव्हतं तेच सांगावं लागलं. दोन महिन्यांपूर्वी याच इमारतीच्या जिन्यावर, हातात नवीन खडूंचा डबा घेऊन, मी स्वतः चार पायऱ्या बसत बसत खाली आले होते. कोणी पाहिलं नाही म्हणून उठून खडू गोळा केले आणि वर येऊन ‘सावकाश पावलं टाका’ हा पाठ शिकवला.

हॉलमध्ये असं हसू उसळलं की खालून वाचनालयाचा शिपाई बघायला आला. मग शिंपीणकाकूंनी हात वर केला. त्या दुसऱ्यांदा पडल्या होत्या, शिलाई मशीनच्या पायदानात अडकून. त्यांचा हात खाली यायच्या आत कर्नल उभे राहिले आणि लष्करी आवाजात आपल्या दोन पडण्यांची कबुली दिली. त्यानंतर जो तो पुढे सरसावला. कोण बसमधून उतरताना, कोण मांजराच्या अंगावर पाय पडू नये म्हणून, कोण नातवाला नाच दाखवताना. कोणाचं पडणं जास्त भारी यावरून दोन आजोबांची जुंपली. बाबांनी आपलं स्टूल सांगितलं तेव्हा ते दीड फुटाचं होतं, चहाच्या वेळेपर्यंत तीन फुटांचं झालं होतं. मोजणीबाईंनी पहिल्यांदाच कोणालातरी विनंती केली : एकेक जण बोला.

एकूण एकोणतीस वेळा पडणं निघालं. वर्गात येण्याआधीच्या वर्षी हेच लोक सत्तेचाळीस वेळा पडले होते, ते त्यांच्या प्रवेशाच्या अर्जांवर होतं. एकोणतिसांपैकी वीस वेळा ते, आम्ही शिकवतो तसे, आधी कुशीवर वळून, मग गुडघ्यावर येऊन, खुर्चीला धरून आपले आपण उठले होते. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, कारण उठलो हे सांगायचं तर पडलो हेही सांगावं लागलं असतं.

अहवालात भावजींना आवडेल असं काही नव्हतं. त्यात लिहिलं होतं की फळ्यावरचा आकडा हिशेबात धरलेला नाही, पडणं कमी झालं असावं असं दिसतं, पण नक्की सांगायला आणखी एक वर्ष खरी नोंद हवी. शेवटच्या पानावर होतं : ‘वर्गप्रमुखांना राग लवकर येतो. याचा नोंदींवर परिणाम होतो. त्यांनी स्वतःचं पडणं सर्वांसमोर सांगितल्यानंतर नोंदी सुधारल्या.’ हे वाचून मला राग आला, पण तो मी घरी जाऊन काढला. मंडळाने आणखी एक वर्ष दिलं.

पुढे तीन महिन्यांनी, वर्गाच्या दिवशी सकाळी सात वाजता, बाबांचा फोन आला.

“मी पडलोय,” ते म्हणाले. “आधी लिहून घे, मग ये.”

मी लिहून घेतलं. सात वाजून दोन मिनिटं, स्वयंपाकघर, ओली फरशी. धावत गेले तेव्हा ते खुर्चीवर बसले होते, मनगट सुजलेलं, आणि चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचं समाधान. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग खुर्ची, असं त्यांनी मला सविस्तर सांगितलं. मी मनगट बांधलं. सामानाबद्दल एक अक्षर काढलं नाही, जीभ दातांखाली धरून बसले. थोड्या वेळाने तेच म्हणाले की एका हाताने डबा उघडता येत नाही, आठवडाभर येतो तुझ्याकडे, पण आठवडाभरच.

वर्गात पोचायला मला उशीर झाला. कर्नल हजेरी घेऊन बसले होते. बाबांचं नाव आलं तसं मी सांगितलं, ते आठवडाभर येणार नाहीत, लेकीकडे आहेत.

कर्नलनी पेन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं. मागच्या सगळ्या खुर्च्यांवरच्या माना माझ्याकडे वळल्या.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “खरं कारण सांगा.”

“पडलेत,” मी म्हटलं. “आणि लेकीकडेही आहेत. दोन्ही लिहा.”