थोरल्याच्या नावाने चालू

थोरला जाऊन सदुसष्ट दिवस झाले होते, आणि त्याचं काम अजून चालू होतं. हे श्रद्धांजलीच्या सभेतलं वाक्य नाही. संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरवर खरोखरच त्याच्या नावाने एक प्रोग्राम चालू होता, आणि त्याला जगवत ठेवणं हे धाकट्याचं काम होऊन बसलं होतं.

दोघे सख्खे भाऊ एकाच संस्थेत, म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना थोरला आणि धाकटा असंच म्हणत. थोरला जमिनीचा अभ्यासक. शहराखालची जमीन कुठे किती खचते आहे याचं गणित मांडणारा. धाकटा मशीन सांभाळणारा. जाण्याआधी पाच दिवस थोरल्याने दवाखान्याच्या खाटेवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, हे शेवटचं गणित सुरू केलं. सुरुवातीलाच प्रोग्राम सतरा आकडे विचारतो, कुठल्या मातीला किती वजन द्यायचं वगैरे. ते त्याने तीस वर्षांच्या अनुभवावर मनानेच भरले आणि कुठेही लिहून ठेवले नाहीत. मधलं काही जपून ठेवायची सोयही केली नव्हती. "उत्तर एकदाच शेवटी बघायचं. सारखं झाकण उघडून बघितलं तर भातही शिजत नाही," असं तो म्हणायचा. म्हणजे प्रोग्राम मेला की आकडे गेले, उत्तरही गेलं, आणि पुन्हा विचारायला माणूस नाही.

आणि गणित तर खादाड. रोज त्याला आणखी जागा लागायची. मशीनची मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. ओटा भरला की सध्या न लागणारी भांडी माळ्यावर टाकायची. डिस्कवरच्या त्या माळ्याला स्वॅप म्हणतात. धाकट्याने मूळचा माळा संपल्यावर दुसरा बांधला, मग तिसरा, मग भांडारातल्या मोडीत काढलेल्या मशीनमधल्या डिस्क काढून आणखी चार. रोज सकाळी आल्यावर चहाच्याही आधी तो किती स्वॅप उरलंय ते बघायचा, आणि गरज असेल तर नवा तुकडा जोडायचा.

पण माळा मोठा झाला म्हणून स्वयंपाक होत नाही. सगळा दिवस शिडीवरून चढण्या-उतरण्यात जायला लागला. डिस्क दिवसभर कुरकुरत, आणि गणित मुंगीच्या पावलाने पुढे जाई. चारशे टप्प्यांपैकी तीनशे अकरा झाले होते. पूर्वी एका टप्प्याला दोन तास लागत, आता नऊ दिवस लागत होते. उरलेल्याचा हिशेब धाकट्याने एकदा कागदावर केला, दोन वर्षांच्या पुढे गेला तो, आणि कागद फाडून टाकला. साहेबांनी हे जुनं मशीन बंद करायला महिनाअखेरची तारीख दिली होती. आडातच नव्हतं, आणि हा शहाणा रोज नवा पोहरा सोडत होता.

हे सगळं कोणासाठी, तर वहिनींसाठी. त्या रोज दुपारी तीनला यायच्या. जिना चढून धाप लागलेली असायची. खुर्चीत बसून पहिलाच प्रश्न, "भावजी, चालू आहे ना?"

"चालू आहे, वहिनी."

मग धाकटा पडदा त्यांच्याकडे वळवायचा. चालू प्रोग्रामच्या यादीत थोरल्याचं नाव दिसलं की त्या पदराने चष्मा पुसायच्या, दहा मिनिटं बसायच्या आणि जायच्या. किती टप्पे राहिले हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्या विचारतील या भीतीने तो रोज पावणेतीनपासून अस्वस्थ असायचा.

त्या दिवशी सकाळी अकराला नकाशा विभागातल्या बाईंनी प्रदर्शनासाठी अख्ख्या शहराचा नकाशा एकदम उघडला. त्यांची काही चूक नव्हती. मशीन सगळ्यांचंच होतं, आणि गेले दोन महिने ते एकट्या मेलेल्या माणसासाठी रांगत होतं. मेमरी भरली. स्वॅपही शेवटच्या तुकड्यापर्यंत भरलं. अशा वेळी सिस्टिम कोणाला विचारत बसत नाही. सगळ्यात जास्त जागा अडवणारा प्रोग्राम शोधते आणि मारून टाकते, म्हणजे बाकीचे जगतात.

धाकट्याला याची धास्ती नव्हती. तिसऱ्याच आठवड्यात त्याने थोरल्याच्या प्रोग्रामवर शिक्का मारून ठेवला होता, की काही झालं तरी याला हात लावायचा नाही. इतर कोणाचंही मरो, दादाचं राहील, अशी उघड उघड बेइमानी त्याने नोकरीत पहिल्यांदाच केली होती.

सव्वाअकराला डिस्कची कुरकुर थांबली. बाई दारात येऊन म्हणाल्या, "काय जादू केलीत हो? पळायला लागलं की मशीन!"

धाकट्याने यादी उघडली. थोरल्याच्या नावाच्या दोन ओळी असायच्या. वरची होती. खालची नव्हती.

वरची ओळ म्हणजे थोरल्याने लिहिलेला एक इवलासा प्रोग्राम. तो गणित सुरू करून द्यायचा आणि मग तासातासाला एका फाइलमध्ये लिहायचा, 'चालू आहे'. खालची ओळ म्हणजे खरं गणित. शिक्का मारायच्या दिवशी, तेरावं उरकून कामावर आल्यावर डोळे सुजलेले असताना, धाकट्याने नाव बघितलं आणि वरच्या ओळीवर शिक्का मारला. मागाहून मारलेला शिक्का खालच्यापर्यंत उतरत नाही, हे नवशिक्यांना शिकवताना तो दरवर्षी फळ्यावर लिहायचा. म्हणजे सात आठवडे त्याने राखण केली ती रिकाम्या घराच्या दाराची.

बारा वाजता तो इवलासा प्रोग्राम इमानेइतबारे लिहून गेला, 'चालू आहे'. एक वाजता पुन्हा. असले नोकर संस्थेतही बरेच होते.

धाकटा जेवला नाही. थोरल्याचे कागद पुन्हा उपसले. सतरा आकड्यांतला एकही सापडला नाही. मेमरीत त्या जागी आता बाईंचा नकाशा होता. अडीचला त्याच्या मनात आलं, नाव तर अजून दिसतंय. खोटं बोलायचीही गरज नाही. पडदा वळवायचा, बस. आणि हे सुचलं म्हणून त्याला स्वतःची किळस आली, पण तीन वाजता वहिनी आल्या तेव्हा त्याने तेच केलं.

"चालू आहे ना, भावजी?"

त्याने पडदा वळवला. त्यांनी चष्मा पुसून बघितलं. जरा वेळाने पुन्हा बघितलं.

"कालपर्यंत दोनदा यायचं त्यांचं नाव."

धाकट्याने मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. चुकीची ओळ, शिक्का, नकाशा. दोन वर्षांचा हिशेबही सांगितला. उत्तर कधीच मिळणार नव्हतं, हे आपल्याला तीन आठवड्यांपासून माहीत होतं, हेसुद्धा सांगितलं.

"चूक माझी आहे, वहिनी. दादा गेला तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. हे होतं."

"मी उत्तरासाठी येत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं? घरात त्यांचं सगळं थांबलंय. घड्याळ काढून ठेवलंय, फोन बंद करून टाकलाय. एवढंच काय ते चालू होतं."

"नाव राहू दे म्हणाल तर राहील. महिनाअखेरपर्यंत कोणी विचारणार नाही."

"ते काय करतंय आता?"

"काही नाही. नुसतं चालू आहे म्हणून लिहितंय."

वहिनींनी पिशवी मांडीवरून उचलली, पुन्हा खाली ठेवली. "मग काढा ते. असं नुसतं नावाला ठेवू नये. त्यांनाही आवडलं नसतं."

"आत्ता?"

"माझ्यासमोर काढा. दवाखान्यात मी खाली औषध आणायला गेले होते."

धाकट्याने त्या ओळीचा नंबर टाकून बंद करायची आज्ञा टाइप केली आणि बटण दाबलं. खरंच करायचं का, असं काही ही मशीन विचारत नाहीत. ओळ गेली आणि खालच्या ओळी वर सरकल्या. नकाशा विभागाची, पगाराची, ग्रंथालयाची. वहिनी थोडा वेळ त्या वाचत बसल्या, कोणीतरी राहिलंय का बघावं तशा. मग उठल्या.

"जपून उतरा," धाकटा म्हणाला.

"हो. आता काही घाई नाही," त्या म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता धाकट्याने दुसरी खुर्ची ओढून ठेवली, आणि चार वाजेपर्यंत ती तशीच रिकामी होती.