ओरबाडलेला कार्प

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की तो थांबवायच्या फंदात गावात कुणी पडत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे ताटात कार्प मासा हवाच. नाताळला बारा दिवस असताना मी बेकरीसमोर सगळ्यांदेखत बोलून बसलो, "दुकानाच्या टाकीतला कार्प माझ्या टेबलावर येणार नाही! लेक तीन वर्षांनी घरी येतेय. तिला आपल्या तळ्यातलाच मासा खाऊ घालीन."

माझी बायको हालिना शेजारीच उभी होती. "आणि नाही गावला तर? तुझी फुशारकी तळून वाढू?"

लोक खो खो हसले आणि मी हट्टाला पेटलो.

साठीला आलेल्या, जन्मभर गळ टाकणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. बर्फाखाली रोच गळाचं आमिष खातो, कार्प खात नाही. रोच म्हणजे लाल डोळ्यांचा, तळहाताएवढा मासा. गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, बारीक गळाला लाल अळी लावायची आणि खोक्यावर बसून राहायचं. कडाक्याच्या थंडीतही तो येतो. कार्प मात्र जुन्या गिरणीसमोरच्या खोल डोहात, एकमेकांना खेटून, अर्धवट झोपेत पडून असतात. त्या डोहावर कुणी बसत नाही. तिथं तीन तोंडांचा गळ सोडून हिसका मारला, तर मासा न खाताच अंगातून अडकतो. असं करणाऱ्याला आमच्याकडे 'ओरबाड्या' म्हणतात. त्यापेक्षा चोर म्हटलेलं बरं.

झेनोनला तो शब्द मीच चिकटवला होता. शाळेपासूनचा माझा दोस्त. सात वर्षांपूर्वी त्यानं काढलेल्या कार्पच्या कुशीत गळ निघाला. तो बिचारा परत परत सांगत होता, "अरे, रोचसाठी टाकला होता. कार्प वळला आणि अडकला." मी गावातल्या गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाच्या बैठकीत उभा राहून म्हणालो, "सगळे ओरबाडे हेच सांगतात." बाकीच्यांनी हात वर केले आणि त्याचं नाव मंडळातून कमी झालं. तेव्हापासून तो गिरणीच्या बाजूला, डोह सोडून, एकटाच बसायचा. मला 'अरे लुडविक' म्हणायचा, ते 'अहो लुडविक' म्हणायला लागला.

दहा दिवस मला नुसते रोच लागले. घरात बादलीभर रोच झाले आणि हालिना रोज विचारायची, "आज तरी याचा मोठा भाऊ आला का?" तेवीस तारखेला सकाळी मी डोहावर गेलो. खिशात तीन तोंडांचा गळ होता. झेनोन शंभरेक पावलांवर, माझ्याकडे पाठ करून बसला होता. तिसऱ्याच हिसक्याला दोरी जड झाली.

मासा वर आला आणि बर्फाखाली अडकला. भोक रोचच्या मापाचं. तोंडात लागलेला मासा आधी डोकं वर काढतो. हा कुशीतून ओढलेला, तो भोकाखाली आडवाच झाला. गिरमिट चालवावं तर दोरी तुटणार. सोडून द्यावा, असं माझ्या एकदाही मनात आलं नाही. लाज वाटते, पण खरं तेच आहे. मी ओरडलो, "झेनोन! पहार आण, लवकर!"

तो आला. काही न विचारता त्यानं कडेकडेनं बर्फ फोडला, पोटावर पालथा पडला, बाही खांद्यापर्यंत सारली आणि त्या पाण्यात हात घालून मासा वर घेतला. तीन किलोचा तरी होता. कुशीत माझा गळ, बर्फावर रक्त. झेनोननं गळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वळला," मी म्हणालो, "आणि अडकला."

त्याचेच शब्द माझ्या तोंडून निघाले होते. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. त्यानं पकडीनं गळ सोडवला, माझ्या खिशात टाकला आणि म्हणाला, "पिशवीत घाला. उघडा नेऊ नका."

काठावर मंडळाचा अध्यक्ष काझिक आणि चार-पाच जण उभे होते. पिशवीतून शेपटी दिसतच होती. "कार्प? या दिवसांत?" काझिकनं भुवया उडवल्या. "कसा रे काढलास?"

मी तोंड उघडलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत. मागून झेनोनच बोलला, "मक्याच्या दाण्यावर आला. ओठात लागला होता, सरळ. मी माझ्या हातानं सोडवला."

एकच गलका झाला. काझिकनं माझी पाठ थोपटली, कुणीतरी बाटली पुढे केली. झेनोनला मात्र कुणी घोटभर घे म्हणालं नाही. तो पहार खांद्यावर टाकून वाटेला लागला. मी धावत त्याला गाठलं.

"खोटं का बोललास?"

तो थांबला. "सात वर्षांपूर्वी खरं बोललो होतो, ते कुणाला पटलं नाही. म्हटलं, एकदा खोटं बोलून बघावं. बघा ना, लगेच पटलं."

तो गेला. काझिक आणि मंडळी अजून काठावरच होती, हाकेच्या अंतरावर. एका वाक्याचं काम होतं. झेनोनचा डाग पुसला गेला असता आणि माझ्या कपाळी बसला असता, जिथं तो शोभला असता. मी पिशवी खांद्याला लावली आणि घराकडे वळलो.

मागच्या दारानं शिरून, हालिना यायच्या आत मी मासा साफ केला आणि जखमेचा तुकडा मांजरीला घातला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना लेकीनं दोनदा मागून घेतलं.

"बाबा, खरं सांग, कसा धरलास?"

"मक्याच्या दाण्यावर," मी म्हणालो.