पूल खचल्याचा निरोप

मी दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचा जुना मोबाइल बोलतोय. आवाज थोडा खरखरतो, पण समजून घ्या. स्पीकरमध्ये धूळ बसलीय.

कारखान्यात माझ्यासारखी हजारो भावंडं होती, सगळी एका चेहऱ्याची. मला ओळख मिळाली ती डॉक्टरांच्या हाती पडल्यावर. दिवसभर मी दवाखान्यात त्यांच्या अवजारांच्या ट्रेशेजारी असायचो. पेशंट चूळ भरायला वळला, की त्या हातमोजा काढून मला उचलायच्या.

घरी जेवतानाही तेच. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, "अगं, दोन घास तरी शांतपणे खा. त्या डबड्यात काय ठेवलंय?"

त्या डबड्यात 'सावध कट्टा' होता. डॉक्टरांनीच सुरू केलेला गट. आजकालची लढाई बंदुकीआधी अफवेने सुरू होते, खोट्या बातमीने देश आतून कसा पोखरला जातो, यावर तिथे दिवसरात्र चर्चा चालायची. सगळ्यांत हिरिरीने बोलायचे ते सुभेदारकाका. फौजेतून निवृत्त झालेले, नदीपलीकडे राहणारे. मिशीला पीळ द्यावा तसं एकेक वाक्य लिहायचे.

एक दिवस 'पांढरा ढग' नावाचा नवा सदस्य आला. फार गोड बोलणारा. त्याने विचारलं, "आपला देश नेमका कुठे कमकुवत आहे? आपापल्या गावातलं सांगा ना."

झालं! प्रत्येकाला आपलं ज्ञान पाजळायची घाई. कुणी पाण्याची टाकी सांगितली, कुणी विजेचं उपकेंद्र. काकांनी लिहिलं, "आमच्या नदीवर एकच पूल. तिसऱ्या खांबाची दुरुस्ती कायम रखडते. तो गेला, की आमचा मोठ्या दवाखान्याशी संबंध तुटला."

डॉक्टरांचा अंगठा माझ्यावर थबकला. त्यांनी ढगाला विचारलं, "दादा, तुम्ही कुठले?" उत्तर आलं नाही. त्यांनी सगळी चर्चाच पुसून टाकली आणि लिहिलं, "घराला कडी कुठे नाही, हे चव्हाट्यावर सांगायचं नसतं."

मग जो धुरळा उडाला! काकांनी लिहिलं, "डॉक्टर, तोंडं दाबणारी माणसंच देश विकतात." त्याखाली शेकडो अंगठे उमटले. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला उशीखाली सरकवलं. बराच वेळ उशी हलत होती.

आठवड्याभरात एका दुपारी निरोप फिरू लागला, 'पुलाचा तिसरा खांब खचला. जाऊ नका. सगळ्यांना कळवा.' कोणी पाठवला ते आजतागायत कळलं नाही. ढग असेल, नाहीतर कट्ट्यावरचाच एखादा घाबरट. पण खांब तिसरा होता, म्हणून निरोप सगळ्यांना पटला.

तेवढ्यात मी थरथरलो. सुभेदारकाका!

"डॉक्टर, सून बाळंतपणात अडली आहे हो. रुग्णवाहिका पुलाच्या तोंडाशी थांबलीय. ड्रायव्हर म्हणतो, मेसेज आलाय, मी गाडी घालणार नाही. लांबच्या रस्त्याने गेलो तर..."

"फोन ठेवू नका, काका. मी निघाले."

खुर्चीवरच्या पेशंटला कापूस चावून बसायला सांगून त्या तशाच ॲप्रनमध्ये धावल्या. पुलाच्या अलीकडे ही गर्दी! मध्ये पिवळं हेल्मेट घातलेली पुलाची इंजिनिअर घसा फोडून सांगत होती आणि लोक तिच्याकडे पाठ करून आपापल्या फोनमध्ये पूल बघत होते.

डॉक्टरांनी काकांचा चालू फोन व्हिडिओवर घेऊन मला तिच्यासमोर धरलं. "पलीकडे रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आहे, त्याला सांगा."

"खालून तपासून आत्ताच वर आलेय," ती म्हणाली. "खांबाला काही झालेलं नाही. हे बघा." तिने मला कठड्यावरून वाकवून खांब दाखवला. मग दोघी पुलावरून चालत पलीकडे निघाल्या. मध्यावर पोचल्या, तेव्हा समोरून भोंगा ऐकू आला. वाट देताना मी डॉक्टरांच्या हातातून निसटलो. काच तडकली, पण आकाश दिसत होतं, आणि बाजूने गेलेली चाकंही.

काकांना नात झाली.

पुढे ते दवाखान्यात आले. दाढ दुखत होती म्हणे. खुर्चीत बसले, मान खाली.

"काका, तोंड उघडा."

"तेच तर नडलं, डॉक्टर," काका म्हणाले. "माझंच वाक्य माझ्या सुनेच्या वाटेत आडवं आलं. आणि बोल तुम्हाला लावले."

डॉक्टरांनी दिवा त्यांच्या तोंडावर वळवला. "दाढ वाचेल," एवढंच म्हणाल्या.

कट्टा आजही चालतो. माणसं निम्मी राहिलीत, वाद मात्र तेवढेच. माझी बॅटरी आता फुगलीय. उद्या मला मोडीत देणार आहेत. तक्रार नाही. जाताना एवढंच सांगतो. माझ्यात निरोप मावतो, पूल मावत नाही. तो बाहेर उभा असतो. पुढे ढकलण्याआधी, जमलं तर, जरा उठून बघून या.